पहिल्या गोलकीपरचा करार: ताणून धरावं की सही करावी?

प्रश्न टोरंटोत कायद्याचं शिक्षण घेणाऱ्या एका मराठी तरुणाचा आहे. त्याला खेळाडूंचा एजंट व्हायचंय. तो विचारतो: एनएचएलमधल्या संघाचा पहिला गोलकीपर आहे, वय २५, कराराचं शेवटचं वर्ष सुरू झालंय. संघ आठ वर्षं द्यायला तयार आहे, पण आकडा अपेक्षेपेक्षा कमी आहे. अशा वेळी एजंटने ताणून धरावं, दोन-तीन वर्षांचा छोटा करार घेऊन पुन्हा बाजारात यावं, की सही करावी?

मी बरीच वर्षं खेळाडूंच्या बाजूने करारांचं काम करतोय. माझं मत सुरुवातीलाच सांगतो: वर्षं घ्या. आकड्यात थोडं सोडावं लागलं तर सोडा, पण त्या बदल्यात कराराच्या पोटात जेवढं संरक्षण मिळेल तेवढं मागून घ्या. हाच खेळाडू फॉरवर्ड असता तर मी कदाचित उलट सल्ला दिला असता. गोलकीपरचं गणित वेगळं का आहे, ते सांगतो.

महाराष्ट्रातून वाचणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. ही बर्फावरची हॉकी. अमेरिका-कॅनडात मिळून ३२ संघ. प्रत्येक संघाच्या एकूण पगारावर वरची मर्यादा असते, तिला सॅलरी कॅप म्हणतात. कराराची एकूण रक्कम भागिले वर्षं म्हणजे त्या खेळाडूचा कॅप हिट. संघाच्या हिशेबात दरवर्षी तेवढी रक्कम धरली जाते, हातात प्रत्यक्ष पैसे त्या वर्षी कमी पडोत की जास्त. सामन्यात दोन गोलकीपर तयार असतात, पण सहसा साठही मिनिटं एकच खेळतो.

या शेवटच्या वाक्यातच सगळी मेख आहे. चांगला फॉरवर्ड जुलैत मोकळा झाला तर दहा संघ त्याच्यासाठी जागा करतात. पहिल्या फळीत नाही तर दुसऱ्या फळीत. गोलकीपरला अशी दुसरी फळी नाही. ३२ संघ म्हणजे ३२ जागा, आणि त्यातल्या बहुतेक आधीच लांब मुदतीच्या करारांनी भरलेल्या. एखाद्या उन्हाळ्यात खरोखर रिकाम्या जागा किती, तर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या. त्यामुळे ‘बाजारात गेलो तर जास्त मिळेल’ हे वाक्य गोलकीपरच्या तोंडी घालण्याआधी एजंटने ३२ नावांची यादी समोर ठेवावी आणि प्रत्येक नावापुढे करार कधी संपतो ते लिहावं. बहुतेकदा यादी पूर्ण होता होता आवाज खाली येतो.

संघाची अडचणही तेवढीच खरी आहे. आपला पहिला गोलकीपर गेला तर त्याच्या तोडीचा दुसरा मिळत नाही. म्हणून गोलकीपरच्या वाटाघाटीत मी सर्वात आधी एकच गोष्ट पाहतो: त्याच्या मागे कोण उभा आहे? बॅकअप कोण, खालच्या लीगमध्ये कोण तयार होतोय, आणि संघाचा त्याच्यावर किती विश्वास आहे.

बॉस्टन ब्रुइन्सचं २०२४ चं उदाहरण प्रत्येक नव्या एजंटने तपशिलात अभ्यासावं. त्यांच्याकडे दोन उत्तम गोलकीपर होते. लिनस उलमार्क, ज्याला २०२३ मध्ये सर्वोत्तम गोलकीपरची वेझिना ट्रॉफी मिळाली होती, आणि तरुण जेरेमी स्वेमन. जून २०२४ मध्ये बॉस्टनने उलमार्कला ओटावाला देऊन टाकलं. त्या सौद्यात आलेला गोलकीपर योनस कॉर्पिसालो आदला हंगाम फिका गेलेला होता. आणि स्वेमनचा करार अजून झालेलाच नव्हता! ज्या दिवशी उलमार्क गेला त्याच दिवशी टेबलाचा कल बदलला. मी संघाच्या बाजूला असतो तर आधी स्वेमनची सही आणि मग उलमार्कचा सौदा, असाच क्रम धरला असता, भले सौद्यात थोडं कमी मिळालं असतं.

पुढे काय झालं? स्वेमन रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट होता, म्हणजे करार संपलेला, पण हक्क संघाकडेच. एका वर्षाआधी, २०२३ मध्ये, तो आर्बिट्रेशनला, म्हणजे पगार ठरवणाऱ्या लवादाकडे, गेला होता आणि त्याला एका वर्षासाठी ३४ लाख ७५ हजार डॉलर मिळाले होते. तो अनुभव त्याला फार लागला, हे त्याने उघडपणे सांगितलं होतं. आर्बिट्रेशनच्या खोलीत तुमचाच संघ तुमच्यासमोर बसून तुम्ही किती साधारण आहात हे सिद्ध करत असतो. पंचविशीतल्या मुलावर त्याचा काय परिणाम होतो, हे जीएम (संघाचे जनरल मॅनेजर) मंडळींनी गांभीर्याने घ्यायला हवं. २०२४ मध्ये तो त्या वाटेने गेलाच नाही. ट्रेनिंग कॅम्प सुरू झाला, स्वेमन आला नाही. ३० सप्टेंबरला संघाचे अध्यक्ष कॅम नीली पत्रकारांसमोर म्हणाले की, आपल्याला आत्ता खेळायला ६ कोटी ४० लाख कारणं दिसतात. म्हणजे प्रस्तावाचा आकडाच जाहीर झाला. एजंट लुईस ग्रॉस यांनी लगेच निवेदन काढलं की हा आकडा आधी कधी चर्चेत आलाच नव्हता. सहा दिवसांनी, हंगामाच्या तोंडावर, आठ वर्षं आणि ६ कोटी ६० लाखांवर सही झाली. वर्षाला साडेब्याऐंशी लाख.

जाहीर झालेला आकडा आणि सहीचा आकडा यातला फरक वर्षाला अडीच लाख डॉलर. तेवढ्यासाठी अख्खा कॅम्प गेला. २०२४-२५ मध्ये स्वेमनने २२ सामने जिंकले, ३६ गमावले (त्यातले ७ जादा वेळेत किंवा शूटआउटमध्ये), सेव्ह पर्सेंटेज, म्हणजे आलेल्या शॉट्सपैकी अडवलेल्यांचं प्रमाण, ०.८९२ वर आलं. बॉस्टन २०१६ नंतर पहिल्यांदाच प्लेऑफबाहेर राहिलं. कॅम्प बुडाल्याचा यात वाटा किती, हे कुणालाच सिद्ध करता येणार नाही, संघही त्या वर्षी ढेपाळलाच होता. पण गोलकीपरची लय सरावातल्या शेकडो शॉट्सवर बसते, आणि ती न बसवता हंगामात उतरणं मी माझ्या कुठल्याही खेळाडूला सुचवणार नाही.

नेमकं इथेच तुमच्या ‘छोटा करार’ या पर्यायाचं उत्तर आहे. समजा स्वेमनने दोन वर्षांचा करार घेतला असता. त्याच्या पहिल्याच वर्षी ०.८९२. मग पुढच्या टेबलावर त्याच्या एजंटच्या हातात काय राहिलं असतं? फॉरवर्डचे गोल सहसा टप्प्याटप्प्याने कमी होतात. गोलकीपरचा आकडा एका वर्षात कोसळतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा वरही येतो. सर्गेई बॉब्रॉव्स्कीने जुलै २०१९ मध्ये फ्लोरिडाशी सात वर्षं, ७ कोटींचा करार केला. पहिल्या हंगामात त्याचं सेव्ह पर्सेंटेज ०.९०० होतं आणि लीगमधला सर्वात वाईट करार म्हणून त्याची वर्षानुवर्षं चर्चा झाली. २०२३ च्या प्लेऑफची सुरुवात त्याने बाकावर बसून केली. त्याच मोसमात तो संघाला अंतिम फेरीपर्यंत घेऊन गेला, आणि २०२४ व २०२५ अशा सलग दोन स्टॅन्ली कप (लीगचं विजेतेपद) विजयांत गोलपोस्टमध्ये तोच होता. मधल्या वाईट वर्षांत त्याला लांब कराराने वाचवलं.

उलट बाजूही सांगितली पाहिजे. कॉनर हेलेबकने ऑक्टोबर २०२३ मध्ये विनिपेगशी वर्षाला ८५ लाखांवर सही केली, आणि मग २०२४ ची वेझिना, २०२५ ची वेझिना आणि २०२५ ची हार्ट ट्रॉफीही (लीगमधला सर्वात मोलाचा खेळाडू) जिंकली. थांबला असता तर कितीतरी जास्त मिळालं असतं. पण तेव्हा तो तिशीत होता. गुडघा किंवा खुबा दुखावला असता तर काहीच मिळालं नसतं. गोलकीपरचा खुबा दिवसाकाठी किती वेळा आत वळतो हे ज्याने जवळून पाहिलंय, तो ‘थांबूया’ हा शब्द सहज उच्चारत नाही.

आता आकड्याकडे. आकडा डॉलरमध्ये बोलू नका, कॅपच्या टक्क्यांत बोला. हेन्रिक लुंडक्विस्टने डिसेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्क रेंजर्सशी केलेला करार सात वर्षं, ५ कोटी ९५ लाखांचा होता. दहा वर्षांनी हेलेबकचा करारही तंतोतंत तेवढाच: सात वर्षं, ५ कोटी ९५ लाख. कागदावर सारखेच. पण लुंडक्विस्टचा करार सुरू झाला तेव्हा कॅप ६ कोटी ९० लाख होती, म्हणजे त्याचा वाटा १२.३ टक्के. हेलेबकचा सुरू झाला तेव्हा कॅप ८ कोटी ८० लाख, वाटा ९.७ टक्के. कॅरी प्राइसच्या २०१७ च्या सहीचंही तसंच. मॉन्ट्रियलने त्याला आठ वर्षांत ८ कोटी ४० लाख दिले, वर्षाला १ कोटी ५ लाख. पहिल्या वर्षाच्या कॅपच्या १३.२ टक्के. डिसेंबर २०२४ मध्ये इगोर शेस्टर्किनने रेंजर्सकडून आठ वर्षांसाठी ९ कोटी २० लाख घेतले, तेव्हा ‘गोलकीपरचा सर्वात मोठा करार’ असे मथळे आले. वर्षाला १ कोटी १५ लाख, पण २०२५-२६ च्या ९ कोटी ५५ लाखांच्या कॅपमध्ये तो वाटा १२ टक्केच होतो. प्राइसच्या प्रमाणात मागितलं असतं तर आकडा १ कोटी २६ लाखांच्या आसपास गेला असता.

कॅप आता वेगाने वाढतेय: २०२६-२७ साठी १० कोटी ४० लाख, २०२७-२८ साठी ११ कोटी ३५ लाख असे आकडे लीग आणि खेळाडू संघटनेने जानेवारी २०२५ मध्येच जाहीर केले. म्हणून जीएम तुम्हाला गेल्या वर्षांचे करार दाखवेल, तुम्ही त्याला पुढच्या वर्षांची कॅप दाखवा. तो बहुधा साडेब्याऐंशी लाखांची रांग मांडेल: न्यूयॉर्क आयलंडर्सचा गोलकीपर सोरोकिन (२०२३), आणि ऑक्टोबर २०२४ मधल्या दोन आठवड्यांच्या आत स्वेमन, उलमार्क आणि डॅलसचा जेक ऑटिंजर, सगळे वर्षाला तेवढ्यावरच. ही रांग मोडणं सोपं नाही, तरी चिरा आहेत. स्वेमनचा करार ८ कोटी ८० लाखांच्या कॅपमध्ये सुरू झाला, ऑटिंजरचा ९ कोटी ५५ लाखांच्या. शिवाय टेक्सासमध्ये राज्याचा आयकर नाही, बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्समध्ये दहा लाखांवरच्या उत्पन्नाला अधिभारही लागतो. त्यामुळे एकच आकडा दोन शहरांत एकसारखा हातात पडत नाही. कर सल्लागाराला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, विशेषतः कॅनडातल्या संघाशी बोलताना. साइनिंग बोनसवर कर किती लागावा यावरून टोरंटोचा जॉन टव्हॅरेस कॅनडाच्या कर विभागाविरुद्ध न्यायालयात गेलाय.

एक प्रश्न नेहमी येतो: इतकं अनिश्चित आहे तर कामगिरीवर पैसे का नाही ठरवत? कारण नियमात बसत नाही. कामगिरीचा बोनस फक्त पहिल्या करारावरचे नवखे, ३५ च्या पुढचे आणि लांब दुखापतीतून आलेले काही अनुभवी खेळाडू यांच्यासाठी आहे. तुमच्या २५ वर्षांच्या गोलकीपरला जे मिळायचं ते ठरलेल्या रकमेतच.

म्हणून खरी लढाई रचनेवर होते. पगार आणि साइनिंग बोनस हे दोन वेगळे कप्पे आहेत. बोनस सहसा १ जुलैला एकरकमी येतो. संघाला करार मोडायचा झाला, म्हणजे बायआउट करायचं झालं, तर २६ किंवा त्याहून मोठ्या खेळाडूला उरलेल्या मूळ पगाराच्या दोन-तृतीयांश रक्कम दुप्पट वर्षांत फेडता येते. बोनसला मात्र कात्री लागत नाही. त्यामुळे शेवटच्या वर्षांत बोनस जास्त आणि पगार कमी ठेवला की संघाला बायआउटमधून फारसं काही वाचवता येत नाही. लुंडक्विस्टसारख्या माणसालाही रेंजर्सने शेवटचं एक वर्ष उरलेलं असताना, सप्टेंबर २०२० मध्ये, बायआउट केलं, कारण मागे शेस्टर्किन उभा होता. पुन्हा तोच प्रश्न: मागे कोण?

बोनसचा दुसरा उपयोग संपाच्या किंवा टाळेबंदीच्या वर्षी होतो. २००४-०५ चा अख्खा हंगाम बुडाला, २०१२-१३ चा ४८ सामन्यांवर आला. सामने नाहीत तर पगार नाही, पण बोनस मिळतो. लीग आणि खेळाडूंचा नवा सामूहिक करार सप्टेंबर २०३० मध्ये संपतो. म्हणून २०३०-३१ च्या वर्षात पगार कमी आणि बोनस जास्त असावा, असा आग्रह मी आत्तापासून धरतो. याच नव्या सामूहिक करारात १६ सप्टेंबर २०२६ पासून स्वतःच्या संघाशी करायच्या कराराची कमाल मुदत आठवरून सात वर्षांवर येते, दुसऱ्या संघाशी सातवरून सहावर. बोनसच्या प्रमाणावरही तिथे मर्यादा आली आहे. आठ वर्षांचा प्रस्ताव समोर असेल तर ही तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहून ठेवा.

त्यानंतर नो-मूव्ह क्लॉज: खेळाडूच्या संमतीशिवाय त्याला विकता किंवा खालच्या लीगमध्ये पाठवता येत नाही. हा हक्क फक्त त्या वर्षांसाठी मिळतो ज्या वर्षी खेळाडू एरवी पूर्ण मुक्त झाला असता, म्हणजे साधारणपणे २७ वर्षांचा झाल्यावर किंवा सात हंगाम भरल्यावर. तुमच्या खेळाडूला पहिल्या एक-दोन वर्षांत तो मिळणार नाही. पुढच्या सगळ्या वर्षांसाठी मागा, आणि शेवटच्या दोन-तीन वर्षांत ‘या दहा संघांत जाणार नाही’ अशा यादीवर तडजोड करा. गोलकीपरसाठी या कलमाचं मोल आणखी वाढतं ते नवा संघ लीगमध्ये येतो तेव्हा. त्या वेळी प्रत्येक संघ एकच गोलकीपर राखू शकतो, आणि नो-मूव्ह असलेल्याला राखावंच लागतं. २०१७ मध्ये मार्क-आंद्रे फ्लूरीने हा हक्क आपणहून सोडला म्हणून पिट्सबर्गला मॅट मरीला ठेवता आलं आणि फ्लूरी व्हेगासला गेला. २०२१ मध्ये प्राइसनेही तो सोडला, जेक अॅलनला राखता यावं म्हणून. सिअ‍ॅटलने प्राइसला घेतलं नाही. दोघांनी संघावरच्या मायेने केलं असेल, पण निर्णय त्यांच्या हातात होता तो त्या कलमामुळे.

संघाच्या बाजूने बोलायचं तर प्राइसचंच उदाहरण पुरेसं आहे. करार सुरू झाला तेव्हा तो ३१ वर्षांचा होता. २०२१ मध्ये संघाला स्टॅन्ली कपच्या अंतिम फेरीपर्यंत नेल्यावर गुडघ्याने दगा दिला, त्यानंतर एप्रिल २०२२ पर्यंत जेमतेम पाच सामने. उरलेला करार दुखापतीच्या यादीत गेला आणि शेवटी सप्टेंबर २०२५ मध्ये, त्या वर्षीचा बोनस चुकता करून, सॅन होजेकडे सोपवला गेला. त्याआधीचं टोक म्हणजे आयलंडर्सने २००६ मध्ये रिक डिपिएट्रोला दिलेली १५ वर्षं. २०१३ मध्ये बायआउट झालं आणि त्याला २०२९ पर्यंत दरवर्षी १५ लाख डॉलर मिळत राहणार आहेत. जीएमच्या मनात ही भीती असतेच आणि ती रास्त आहे. पण तुमचा खेळाडू २५ वर्षांचा आहे. नवा करार पुढच्या वर्षी सुरू होईल तेव्हा तो २६ चा असेल, आणि संपेल तेव्हा ३४ चा. हा मुद्दा ठासून मांडा. संघ त्याची सर्वोत्तम वर्षं विकत घेतोय, उताराची नाही.

आकडेवारीच्या वहीबद्दल थोडक्यात. नुसतं सेव्ह पर्सेंटेज घेऊन जाऊ नका. लीगची सरासरीच गेल्या दशकात ०.९१५ च्या आसपासवरून ०.९०० च्या आसपास घसरली आहे, त्यामुळे तुमच्या खेळाडूचे आकडे त्या-त्या वर्षाच्या सरासरीशी लावून दाखवा. शॉट किती अवघड होते हे धरून काढलेले, अपेक्षेपेक्षा किती गोल वाचवले याचे आकडे संघाकडे असतातच, आणि त्यांचं मॉडेल तुमच्यापेक्षा वेगळं बोलू शकतं. तीन वर्षांखालचा नमुना मी गोलकीपरच्या बाबतीत मानत नाही, माझ्या बाजूने बोलत असला तरी.

आता ताणून धरण्याचं. कॅम्पच्या दिवसांचा पगार नसतो, पगार हंगामाच्या दिवसांवर मिळतो, म्हणून पहिल्या सामन्यापर्यंत खेळाडूचं थेट नुकसान नसतं. पुढे मात्र दिवसागणिक पैसे जातात, आणि रिस्ट्रिक्टेड फ्री एजंटने १ डिसेंबरपर्यंत सही केली नाही तर तो हंगाम संपलाच. २०१८ मध्ये टोरंटोच्या विल्यम नीलँडरने त्या मुदतीच्या अगदी शेवटच्या मिनिटांत सही केली होती. उशिरा सही झाली की पहिल्या वर्षाचा कॅप हिट फुगतो, म्हणून संघालाही घाई असते. पण तुमच्या खेळाडूचं करारातलं वर्ष अजून चालू आहे. ही सगळी लढाई वर्षभर पुढे आहे. म्हणजे आत्ता बोलणं शांतपणे होऊ शकतं. शेस्टर्किननेही हंगामाआधी आठ वर्षं, ८ कोटी ८० लाखांचा प्रस्ताव नाकारल्याच्या बातम्या होत्या. तो खेळत राहिला आणि डिसेंबरमध्ये ९ कोटी २० लाखांवर सही झाली. त्याला ते जमलं, कारण पुढच्या जुलैत तो पूर्ण मुक्त होणार होता. तुमचा खेळाडू होणार नाही. तो फरक विसरून त्याच्या वाटेने जाऊ नका.

आणि खेळाडूला प्रत्येक प्रस्ताव लेखी दाखवा, त्याच्या घरच्यांसमोर, त्यातल्या बोनस आणि क्लॉजसकट. स्वेमनच्या वेळी आकड्यावरून जो जाहीर वाद झाला, तसा तुमच्या वेळी झाला तर खेळाडूला पहिल्यांदा पेपरातून काही कळता कामा नये. पत्रकारांचे फोन तुम्ही घ्या, त्याला घेऊ देऊ नका. आर्बिट्रेशनची वेळ आलीच तर सुनावणीच्या आदल्या दिवसापर्यंत तडजोडीचा दरवाजा उघडा ठेवा. बहुतेक प्रकरणं तिथेच मिटतात, आणि ती खोली टाळण्यासाठी मी वर्षाला लाख-दीड लाख सोडायला खेळाडूला सुचवेन.